म्युच्युअल ट्रान्सफर

आमच्या घराण्यात उंची ही फक्त विचारांची असते, आणि तीही आजोबांच्या. बाकी आम्ही सगळे पाच फूट चार ते पाच फूट सहा या स्लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या सुखाने नांदत आलो. बँकेच्या काउंटरमागे मी बसलो की समोरच्या खातेदाराला माझा चष्मा आणि त्यावरचं टक्कल एवढंच दिसतं, आणि आजवर त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. चिरंजीवही आठवीपर्यंत स्लॅब सांभाळून होते. नववीत मात्र त्यांनी जी चक्रवाढ सुरू केली, ती दहावीचा फॉर्म भरताना सहा फूट एक इंचावर जाऊन थांबली. थांबली असं आपलं मी म्हणतो.

ही उंची कुठून आली, यावर घरात दोन तट आहेत. सौभाग्यवतींच्या मते ती यावलच्या त्यांच्या मामांकडून आली. हे मामा म्हणे उभ्या उभ्या माळ्यावरचं लोणचं काढायचे. शेजारचे आबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या मते हा सगळा केळ्यांचा प्रताप. केळी खाऊन उंची वाढत असती, तर रावेर-यावलच्या माणसांना दारातून आत येताना वाकावं लागलं असतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पण ज्याने तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून लोकांशी वाद घातले, त्याच्याशी वाद घालणं क्लार्कला परवडत नाही.

उंच मुलगा दिसला की शाळेतले क्रीडाशिक्षक जे करतात तेच झालं. चिरंजीवांना बास्केटबॉलच्या मैदानावर उभं करण्यात आलं. क्रिकेटला माणसाला काही येत आहे की नाही हे पाहतात. बास्केटबॉलला आधी तो दारात अडतो का, ते पाहतात.

हा खेळ मूळचा अमेरिकेचा. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे एक मास्तर होते. थंडीत पोरं बाहेर खेळू शकत नाहीत आणि आत स्वस्थ बसत नाहीत, म्हणून त्यांनी तो काढला. मास्तरांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपाई तो शिपाईच. त्याने खोकी नाहीत म्हणून पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फुटांवर सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि पहिल्या सामन्यात एकूण एक गोल झाला. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू पडला की शिडी लावून काढावा लागे. पुढे कुणीतरी बूड काढून टाकलं आणि शिडीचं काम संपलं. कॉम्प्युटर आल्यावर आमच्या शाखेतल्या लेजर आणून देणाऱ्या शिपायाचं जे झालं, तेच. नेस्मिथ मास्तर जळगावला असते तर? केळी काही टोपलीत येत नाहीत, घडाने येतात. तेव्हा त्यांना भरताच्या वांग्यांच्या टोपलीवर भागवावं लागलं असतं, आणि पहिला सामना बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर झालाच नसता.

असो. सांगायचा मुद्दा, चिरंजीवांना खेळ लागला आणि खेळाबरोबर एक देवही लागला. पिंप्राळ्यात देवांना तोटा नाही. आषाढीला आमच्या गावातून विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा सगळं जळगाव रेल्वेलाइन ओलांडून इकडे येतं. पण चिरंजीवांचा देव ऑस्ट्रेलियाचा. नाव जॉश गिडी. २००२ साली मेलबर्नला जन्म. बाप वॉरिक गिडी हा स्वतः मेलबर्न टायगर्सकडून खेळलेला, आईही खेळाडू. उंची साडेसहा फुटांच्या वर. म्हणजे या मुलाला उंची कुठून आली यावर त्यांच्या घरात दोन तट पडायचं कारण नव्हतं.

कॅनबेराला एन.बी.ए.ने एक अकादमी चालवली होती. तिथे हा मुलगा शिकला. आपल्या पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही त्याच अकादमीत होता. तिथून गिडी अॅडलेडच्या संघात गेला आणि २०२१ च्या जुलैत अमेरिकेच्या ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर उचलला गेला. ड्राफ्ट म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या धंद्यात ड्राफ्ट म्हणजे डिमांड ड्राफ्ट, कमिशन वेगळं. त्यांचा ड्राफ्ट निराळा. दरवर्षी नवी पोरं रांगेत उभी करतात आणि संघ एकेक करून निवडतात. गंमत अशी की, आदल्या वर्षी ज्यांनी सर्वांत जास्त मार खाल्ला, त्यांना आधी निवडण्याची जास्त संधी. हे तत्त्व मी आमच्या युनियनच्या सभेत मांडून पाहिलं : सर्वांत मागे पडलेल्या शाखेला सर्वांत हुशार माणूस द्यावा. सभेत एकदम शांतता पसरली, कारण जो तो आपल्याकडेच कुणीतरी पाहत आहे का हे पाहत होता.

ओक्लाहोमाने गिडीला घेतलं. पोरगं हुशार. बास्केट करण्यापेक्षा दुसऱ्याला चेंडू देण्यात त्याचा जीव. २ जानेवारी २०२२ रोजी डॅलसविरुद्ध त्याने १७ गुण, १३ रिबाउंड आणि १४ असिस्ट असा त्रिवेणी हिशोब जमवला, तेव्हा तो १९ वर्षं ८४ दिवसांचा होता. तोवर एवढ्या लहान वयात कुणी हे केलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी मू. जे. कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर फरकाला सस्पेन्स अकाउंट म्हणायचं, एवढं शिकलो होतो. त्या शिदोरीवर आजवर चाललं आहे.

पण मला या मुलात रस वाटू लागला तो त्याच्या विक्रमांमुळे नव्हे, त्याच्या वेळेमुळे. याची वेळ अगदी आमच्या बँकेतल्या माणसासारखी आहे.

पाहा ना. २०२१ साली टोकियोला ऑलिंपिक. ऑस्ट्रेलियाच्या शेवटच्या बाराजणांतून गिडीला वगळलं. आणि त्याच वेळी ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांनी स्लोव्हेनियाला हरवून ब्राँझ मिळवलं. त्यांच्या इतिहासातलं या खेळातलं पहिलं पदक. २०२४ ला पॅरिसला गिडी संघात होता, चांगला खेळलाही, तर सर्बियाविरुद्ध चोवीस गुणांची आघाडी घेऊन शेवटी जादा वेळेत ऑस्ट्रेलिया हरलं. गिडी नाही तर पदक, गिडी आहे तर पराभव. आता यात गिडीचा काय दोष? पण असे योग कुंडलीत चिकटून बसतात.

याच्याही आधीची गोष्ट बाकाची. २०२४ च्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाने त्याला सुरुवातीच्या पाचातून काढून बाकावर बसवलं. पुढच्या हंगामात बाकावरून उतरशील का, असं विचारलं. त्याला ते रुचलं नाही. मग जूनमध्ये शिकागोच्या अॅलेक्स करुसोशी त्याची अदलाबदल झाली. एक माणूस इकडे, एक तिकडे. हे वाचून मी चिरंजीवांना म्हटलं, “अरे, ही तर म्युच्युअल ट्रान्सफर!” त्यांना काही कळलं नाही. बँकेत वीस वर्षं घासल्याशिवाय त्या शब्दातलं करुण आणि हास्य दोन्ही कळत नाही.

बदलीच्या दोन जाती असतात. एक प्रशासकीय, म्हणजे तुम्ही नको म्हणता आणि होते. दुसरी विनंतीची, म्हणजे तुम्ही हवी म्हणता आणि होत नाही. म्युच्युअल ही त्यांची सावत्र बहीण. दोघांनी एकमेकांच्या खुर्चीवर डोळा ठेवायचा आणि वरच्याने दोघांवर उपकार केल्यासारखी सही करायची. माझीही एकदा झाली आहे. एका मोठ्या शाखेतून मी चोपडा तालुक्यातल्या एका लहान शाखेत गेलो, कारण मोठ्या शाखेत मला कायम ‘एक्स्ट्रा काउंटर’ दिलं जाई. हे काउंटर गर्दी झाली तरच उघडायचं, आणि गर्दी झाली आहे हे ठरवायचा अधिकार दुसऱ्याचा. लहान शाखेत सगळंच माझ्याकडे आलं : कॅश, क्लिअरिंग, पासबुकाचं मशीन आणि ते बंद पडलं की लोकांचं बोलणं. दुसऱ्या वर्षी माझ्या जुन्या शाखेला ठेवींची ढाल मिळाली. ढालीबरोबरचा ग्रुप फोटो मला व्हॉट्सअॅपवर आला. माझ्या जागी गेलेला गृहस्थ त्यात पहिल्या रांगेत बसला होता. त्याला तिथे जाऊन आठ महिने झाले होते.

तर २२ जून २०२५ ला ओक्लाहोमाने सातव्या सामन्यात इंडियानाला हरवून एन.बी.ए.चं विजेतेपद मिळवलं, आणि तो करुसो करंडकाशेजारी नाचताना दिसला, तेव्हा पिंप्राळ्यात एक माणूस असा होता, की ज्याला शिकागोत बसलेल्या पोराच्या पोटात काय होत असेल हे अगदी आतून कळलं. चिरंजीव म्हणाले, “पप्पा, तुम्ही का हळहळून राहिले? तुम्हाला तर ऑफसाइड नसतो हेपण माहीत नव्हतं.”

मी गप्प राहिलो, कारण त्या दिवशी टेबलावर आमच्या घरचीच एक ट्रान्सफर पडलेली होती.

झालं होतं असं. चिरंजीवांच्या शाळेचा संघ जिल्ह्यात पहिला-दुसरा येणारा. त्यात सहा फूट एक इंचाची दोन पोरं आणखी होती आणि ती चिरंजीवांपेक्षा चपळ होती. परिणामी नववी आणि दहावी मिळून चिरंजीवांनी बाकाची निगा चांगली राखली. मी एकदा अर्धी रजा टाकून सामना पाहायला गेलो. शेवटची दोन मिनिटं राहिली, संघ बावीस गुणांनी पुढे, तेव्हा सरांनी त्यांना उतरवलं. चेंडू एकदाच हातात आला, तोही पंचाला द्यायला. परत येताना स्कूटरवर मागे बसून पोरगं एक अक्षर बोललं नाही. पाय मात्र इतके लांब, की स्पीडब्रेकरला त्याचे बूट घासत होते. मला त्या घासण्याचा आवाजच जास्त लक्षात राहिला.

आता अकरावी. त्याच संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय जळगावात. संघ तोच, बाक तोच. भुसावळच्या एका कॉलेजात मात्र संघ असा, की पाच मुलं जमली तर खेळतात आणि चार जमली तर चहा पिऊन परत येतात. तिथल्या सरांनी चिरंजीवांना एका शिबिरात पाहिलं होतं. म्हणाले, “ये. पूर्ण चाळीस मिनिटं तुझी.” २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. दहा पसंतीक्रम भरायचे आणि मशीन काय म्हणतं ते पाहायचं. हाही एक ड्राफ्टच. फक्त यात सर्वांत जास्त मार खाल्लेला आधी निवडत नाही. चिरंजीवांनी पहिल्या क्रमांकावर भुसावळ लिहिलं आणि लॉक करायच्या आधी मोबाइल माझ्यापुढे धरला.

घरात मंत्रिमंडळाची बैठक बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, बारा पावलांवर कॉलेज सोडून पोरगं रोज गाडीला लोंबकळत जाणार का?” आबा बोलावल्याशिवायच आले होते. त्यांनी मुळाला हात घातला. “काय मंग भाऊ, पोरगं दिवसभर टोपलीत चेंडू टाकी राहिलं, त्याच्यात पगार किती पडतो?”

प्रश्न रास्त होता. मी कॉमर्सचा माणूस. उत्तर काढायला बसलो. आपल्या देशात बास्केटबॉलचा ताळेबंद काही डोळे दिपवणारा नाही. ऑलिंपिकला आपले पुरुष आजवर एकदाच गेले, १९८० ला मॉस्कोला, तेही बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता म्हणून. बारा संघांत बारावे आले. पण जमेच्या बाजूला काहीच नाही असंही नाही. मुंबईच्या नागपाड्यात गल्लीगल्लीत हा खेळ वाढला, तिथल्या अब्बास मुंतसिरना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर ड्राफ्टमध्ये घेतला. भारतात जन्मलेला पहिलाच. एन.बी.ए.चा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो कुस्तीच्या तमाशात गेला. आणि आपली पुण्याची शिरीन लिमये. २०१७ च्या जुलैत बंगळूरला आपल्या मुलींनी आशियाई स्पर्धेच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. पुढे भारताची कप्तानही झाली. ती रेल्वेकडून खेळते.

“रेल्वेकडून?” सौभाग्यवतींनी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. “म्हणजे नोकरी?”

इथे मला एक फार मोठं सत्य उमगलं. आपल्याकडे बास्केटबॉलच्या बास्केटला खरोखरच बूड असतं, आणि त्यात सरकारी नोकरी ठेवलेली असते. रेल्वेचा संघ आहे, सेनादलाचा आहे, इंडियन ओव्हरसीज बँकेचा तर नावाजलेला संघ आहे. म्हणजे पोरगं आभाळाला हात लावायला निघालं, तरी शिडी लावून खाली उतरवल्यावर ते कुठेतरी काउंटरमागेच सापडणार. फक्त खातेदाराला टकलाऐवजी बरगड्या दिसतील. भुसावळ म्हणजे तर रेल्वेचं माहेरघर. सौभाग्यवतींच्या डोळ्यांत त्या क्षणी एक सिग्नल हिरवा झाला. आबा म्हणाले, “मंग ठीक शे.” कंडक्टरला रेल्वेबद्दल मत्सर असतो, पण पेन्शनबद्दल आदरही असतो.

माझ्या डोक्यात मात्र नोकरी नव्हती. माझ्या डोक्यात २८ मार्चची सकाळ होती.

मार्चअखेर म्हणजे काय हे बँकवाल्याच्या बायकोला विचारावं. त्या आठवड्यात मी घरी फक्त आंघोळीला येत होतो. शुक्रवार होता, पावणेआठ-आठचा सुमार. मी एका हाताने सदऱ्याची बटणं लावत दुसऱ्याने पोहे खात होतो. चिरंजीवांची दहावीची परीक्षा संपली होती आणि मोबाइलवर शिकागोचा सामना चालला होता; तिकडे गुरुवारची रात्र. समोर लॉस एंजलिसचा लेकर्स, त्यात तो लेब्रॉन जेम्स. शेवटच्या बारा सेकंदांत शिकागो पाच गुणांनी मागे. मी म्हटलं, “संपलं. बंद कर, डेटा वाचव.” तेवढ्यात शिकागोने तीन मारले. लेब्रॉनने बाहेरून चेंडू आत टाकला तो गिडीने मध्येच उचलला, दिला, आणखी तीन. शिकागो एकाने पुढे. मी बसलो. लेकर्सने लगेच दोन मारले, परत एकाने पुढे. तीन सेकंद उरले. गिडीने चेंडू बाहेरून आत दिला, परत घेतला, आणि अर्ध्या मैदानाच्या अलीकडून, त्या चौऱ्याण्णव फुटांच्या मैदानाची निम्मी लांबी पुढे असताना, फेकला. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला. पोह्यांचा घास माझ्या तोंडात तसाच होता. चेंडू आत गेला. ११९-११७.

चिरंजीव उडाले आणि त्यांचं डोकं पंख्याच्या पात्याला दोन बोटांनी चुकलं. पंखा बंद होता, ही खानदेशातल्या मार्चमधली दुसरी नवलाची गोष्ट. लाइट गेली होती. त्या दिवशी बँकेत मी रात्री साडेदहापर्यंत बसलो आणि सहा रुपये चाळीस पैशांचा एक फरक शोधून काढला. सस्पेन्स अकाउंटला टाकला नाही. साहेब म्हणाले, “आज काय विशेष?” त्यांना काय सांगणार.

सांगायचं एवढंच, की ओक्लाहोमात बाकावर बसलेल्या माणसाला तो चेंडू मारता आला नसता. करंडकाशेजारी फोटो मात्र मिळाला असता. आता या दोन्हींचा भाव काय लावायचा, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत, एम.कॉम.ला शिकवत असतील तर मला कल्पना नाही. मी मोबाइल हातात घेतला, भुसावळवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “कर लॉक.”

पुढे सगळं रीतसर झालं. मशीनने भुसावळ दिलं, शाळेने दाखला दिला, रेल्वेने मासिक पास दिला. त्या उन्हाळ्यात शिकागोशी गिडीचा नवा करार काही केल्या होईना, तेव्हा चिरंजीव रोज सकाळी माझ्याआधी बातम्या पाहत आणि मी, डी.ए.ची थकबाकी कधी मिळणार हे पाहणाऱ्याच्या अनुभवाने, “होईल, होईल” म्हणत असे. सप्टेंबरात झाला. चार वर्षं, दहा कोटी डॉलर. मी कॅल्क्युलेटर काढला. आठशे कोटी रुपयांच्या वर जातात. आमच्या शाखेच्या एकूण ठेवींशी तुलना करायचा मोह झाला, पण ती गोपनीय बाब आहे, शिवाय लाजिरवाणीही.

त्याच महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धा लागल्या. पहिल्याच फेरीत भुसावळची गाठ पडली ती चिरंजीवांच्या जुन्या संघाशी. मला रजा मिळाली नाही. संध्याकाळी सातला चिरंजीव घरी आले. गुडघा सोललेला, ओठ सुजलेला.

“किती?”

“एकतीसने.”

“जिंकले?”

“हारलो. ते लोक फायनलला जातील आता. ढालपण तेच घेतील.”

“आणि तू?”

“चाळीस मिनिटं,” चिरंजीव म्हणाले, आणि दारात वाकून आत आले. मग शेवभाजीबरोबर कळण्याच्या पाच भाकरी खाल्ल्या, सहावी मागितली. सौभाग्यवती पीठ मळायला उठल्या. मळता मळता त्यांनी आतून विचारलं, की रेल्वेत भरतीला उंची किती लागते.